शंभराचा अडसर : उल्हासनगर ते बदलापूर, घरगुती इंटरनेटचा मागोवा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मुंबईच्या लोकलवर जगतात, पण टेलिफोनच्या नकाशावर ती मुंबईबाहेरच राहिली. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत एमटीएनएल होते. इथे कल्याणचा ०२५१ हा कोड आणि पुढे बीएसएनएल. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतर कितीतरी वर्षे घरातले इंटरनेट म्हणजे फोनच्या तारेवरचा मोडेम होता, वेग फार तर ५६ केबीपीएस. २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड ठरवले आणि २००५ पासून बीएसएनएलचे ब्रॉडबँड मिळू लागले. संगणकाच्या लॅन कार्डाचा पोर्ट मात्र तेव्हाही १०० एमबीपीएसचा, म्हणजे येणाऱ्या वेगाच्या जवळपास चारशे पट होता. त्याच्याकडे बघायचे कारणच नव्हते.

पोर्टचा हिशेब सुरू झाला तो केबलवाल्यांच्या नेटमुळे. टीव्हीची केबल देणाऱ्या स्थानिक ऑपरेटरांनी इंटरनेटही द्यायला घेतले. विभागापर्यंत फायबर, तिथे प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणारा मीडिया कन्व्हर्टर, पुढे जिन्यात किंवा गच्चीवर पत्र्याच्या पेटीत आठ पोर्टांचा स्विच आणि तिथून घरोघर कॅट-५ केबल, अशी साधारण मांडणी असे. तांब्याच्या या तारेची मर्यादा १०० मीटर. उल्हासनगरच्या ‘कॅम्प’ म्हणवल्या जाणाऱ्या वस्त्यांत इमारती एकमेकींना खेटून उभ्या असल्याने एका गच्चीवरून दुसरीवर तार टाकली की काम भागे. बदलापूरची तऱ्हा निराळी. तिथली लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, ती २०११ पर्यंत पावणेदोन लाखांच्या घरात गेली. गाव पसरत गेले. अंतर वाढले की मध्ये आणखी एक स्विच बसवायचा, हाच स्वस्त उपाय असतो.

अडचण याच साखळीत होती. आठपैकी एक पोर्ट वरून येणाऱ्या तारेला जातो, उरलेले सात घरांना किंवा पुढच्या स्विचला. प्रत्येक पोर्ट १०० एमबीपीएसचा असला, तरी सातही जोडण्यांची वाहतूक वरच्या त्या एकाच पोर्टातून जाते. प्लॅन २ एमबीपीएसचे होते तोवर सात घरांची बेरीज १४ भरे आणि कोणाचे काही अडत नसे. प्लॅन ५० एमबीपीएसचा झाला की दोनच घरे तो पोर्ट भरून टाकतात. संध्याकाळी सगळे घरी आले की नेट रेंगाळे आणि ऑपरेटरकडून उत्तर येई, ‘लोड आहे.’ उत्तर खोटे नव्हते, अपुरे होते. लोड नेमका कुठे आहे ते त्यात नसे. शिवाय महावितरणच्या भारनियमनाच्या वर्षांत जिन्यातल्या स्विचची वीज गेली की घरातला इन्व्हर्टरही कामाचा नसे. अशा दिवसांत वेगापेक्षा नेट चालू आहे की बंद, हाच प्रश्न मोठा होता.

५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओ फायबरची व्यावसायिक सेवा सुरू झाली, १०० एमबीपीएसपासून १ जीबीपीएसपर्यंतच्या प्लॅनसह. घरापर्यंतच्या फायबरच्या जीपॉन पद्धतीत जिन्यातला स्विचच उरत नाही. फायबर विजेशिवाय चालणाऱ्या स्प्लिटरमधून विभागली जाते आणि एका शाखेवरची सारी घरे मिळून सुमारे २.५ जीबीपीएस वाटून घेतात. २०२० च्या टाळेबंदीत ऑफिस आणि शाळा घरात आल्यावर दोन पद्धतींतला फरक प्रकर्षाने समोर आला.

अडसर मात्र संपला नाही, उंबऱ्याच्या आत सरकला. फायबरच्या पेटीपुढे जुनाच राउटर लावलेला असतो. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एनसारख्या खूप खपलेल्या राउटरच्या खोक्यावर ३०० एमबीपीएस असे छापलेले असे. तो आकडा वायफायचा, मागचे पोर्ट १०० चेच. केबलचाही वाटा आहे. १०० एमबीपीएसला तारांच्या चारपैकी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. दोनच जोड्या क्रिम्प केलेली किंवा उरलेल्या दोनपैकी एक जोडी तुटलेली केबल असली, की दोन्ही टोकांची उपकरणे बहुधा आपापसांत १०० वर तडजोड करतात आणि कुठेही दोष दाखवत नाहीत.

बऱ्याच महागड्या स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट अजून १०० एमबीपीएसचाच असतो. तिथे काही बिघडत नाही, कारण फोर-के चित्रपटाला २५ एमबीपीएस पुरेसे असतात. मोठ्या फाइली उतरवताना आणि एकाच घरात अनेक जण कामाला बसल्यावर मात्र फरक पडतो.

डेटाच्या पाकिटांवरच्या हेडरचा भाग वजा जाता १०० च्या पोर्टातून प्रत्यक्षात ९४-९५ एमबीपीएस मिळतात, गिगाबिटच्या पोर्टातून सुमारे ९४०. प्लॅन २०० चा असून केबलने जोडलेल्या संगणकावर स्पीड टेस्ट सकाळी-रात्री ९४ वरच थांबत असेल, तर आधी केबल आणि राउटर तपासावा. तिथे मोठा प्लॅन घेऊन वेग वाढत नाही, फक्त बिल वाढते.