एक मिलिमीटरचा कृमी आणि निरोप घडवणारी एन्झाइम

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतले जे कोणी ओल्या कचऱ्याचं खत घरी करतात, त्यांच्या डब्यात सूत्रकृमी असण्याची दाट शक्यता आहे. याच कुळातला 'सी. एलिगन्स' कुजत्या फळांवरच्या जिवाणूंवर जगतो. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, चेतापेशी फक्त ३०२!

तरीही त्याच्याकडे न्यूरोपेप्टाइडची शंभराहून जास्त जनुकं आहेत. ही चिमुकली प्रथिनं अंडी घालणं, सरपटणं, विश्रांती यांचे निरोप पोचवतात. पण आधी तयार होतं एक लांबलचक प्रथिन. त्यातून निरोप घडतो तो असा:

🔹 ईजीएल-३ हे एन्झाइम ते ठरावीक जागी कापतं.
🔹 ईजीएल-२१ टोकाला उरलेली अमिनो आम्लं छाटतं.
🔹 काम झालं की नेप्रिलायसिन गटातली एन्झाइम पेप्टाइड तोडतात आणि निरोप थांबतो.

ईजीएल-३ बिघडलं, तर कृमी मंदावतो आणि अंडी त्याच्या पोटातच साठतात.

पहिल्या दोन एन्झाइमची भावंडं आपल्या स्वादुपिंडात आहेत. प्रोइन्सुलिनपासून इन्सुलिन घडवण्यात त्यांचा हात असतो. हार्ट फेल्युअरमध्ये दिलं जाणारं सॅक्युबिट्रिल माणसातलं नेप्रिलायसिन रोखतं. म्हणून या कृमीचा अभ्यास महत्त्वाचा!

आणि हे संशोधन फार लांब नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा याच कृमीच्या चेतापेशींमधली मालवाहतूक अभ्यासते.

शाळा-कॉलेजात सूक्ष्मदर्शक असेल, तर खतात मुरलेल्या पाण्याचा थेंब जरूर बघा. वळवळणारे सूत्रकृमी दिसले, तर फोटो कमेंटमध्ये टाका! 🔬