वॉर्साचे वार्तापत्र : गोविन आणि त्यांचे पक्ष

यारोस्वाफ गोविन २००५ मध्ये सिनेटर झाले ते डोनाल्ड टस्क यांच्या 'नागरी मंच' पक्षाकडून. दहा वर्षांनी ते उपपंतप्रधान झाले ते टस्क यांचे हाडवैरी काचिन्स्की यांच्या 'कायदा आणि न्याय' पक्षाच्या यादीवरून निवडून येऊन. एवढे वाचताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर रिसॉर्ट, चार्टर विमान आणि अपात्रतेची नोटीस उभी राहील. पोलंडमध्ये यातले काहीच लागत नाही.

पोलिश घटनेच्या १०४व्या कलमानुसार खासदार राष्ट्राचा प्रतिनिधी असतो, मतदारांच्या आदेशाने बांधलेला नसतो. पक्षांतरबंदी कायदा नाही. पक्ष सोडणारा पत्रकार परिषद घेतो आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात बाक बदलून बसतो. पंधरा जण जमले तर संसदीय गट, तिघे जमले तरी छोटे मंडळ. भारतात १९८५ पासून दहावी अनुसूची आहे. एकट्याने निघालेल्याची आमदारकी जाते, दोन-तृतीयांशांचा जथा विलीन झाला तर वाचते. पक्षांतर थांबवायला निघालेल्या कायद्याने ते घाऊक केले. जून २०२२ मध्ये सुरत आणि गुवाहाटीला गेलेल्या आमदारांचा निवाडा विधानसभाध्यक्षांनी दिला तो जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे सभागृहाची मुदत संपायच्या वर्षी.

गोविन क्राकुफचे, 'झ्नाक' या कॅथलिक मासिकाचे माजी संपादक. २०११ मध्ये टस्क यांनी त्यांना न्यायमंत्री केले. त्यांनी ७९ छोटी न्यायालये मोठ्या न्यायालयांना जोडून टाकली, तेव्हा गावोगावी आरडाओरडा झाला. पण बिनसले ते नागरी भागीदारीच्या विधेयकावरून आणि भ्रूणांविषयी केलेल्या वक्तव्यावरून. २०१३ मध्ये मंत्रिपद गेले. पक्षाध्यक्षपदासाठी टस्क यांच्याविरुद्ध उभे राहून सुमारे २० टक्के मते मिळवली, सप्टेंबरमध्ये पक्ष सोडला आणि डिसेंबरमध्ये स्वतःचा काढला. २०१४ च्या युरोपीय निवडणुकीत त्याला ३.१६ टक्के मते पडली. जागा मिळण्यासाठीचा उंबरठा ५ टक्क्यांचा, आघाडी करून लढायचे तर पोलिश संसदेसाठी ८ चा. त्यामुळे छोट्या पक्षाने मोठ्याच्या यादीत पाहुणा म्हणून बसणे हाच शहाणपणा ठरतो. गोविन काचिन्स्कींच्या यादीत बसले.

यादीला चिन्ह नसते, दर निवडणुकीत चिठ्ठी टाकून क्रमांक मिळतो. धनुष्यबाण कोणाचा, घड्याळ कोणाचे, यावर आयोगासमोर महिनोन्‌महिने चाललेला खल पोलंडच्या माणसाला समजावून सांगणे अवघड. मात्र पक्ष कोणाचा, हा वाद तिथेही होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये गोविन यांच्याच पक्षातल्या आदाम ब्येलान यांनी जाहीर केले की गोविन यांची अध्यक्षपदाची मुदत २०१८ सालीच संपली आहे. पुढे ब्येलान यांनी वेगळा पक्ष काढला.

पाहुण्याची ताकद आकड्यांत होती. सेयममध्ये, म्हणजे पोलिश संसदेच्या ४६० जणांच्या कनिष्ठ सभागृहात, बहुमत २३१ चे आणि सत्ताधाऱ्यांकडे २३५. २०१९ मध्ये त्यातले १८ गोविन यांचे. करोनाच्या साथीत १० मे २०२० ला टपालाने अध्यक्षीय निवडणूक घ्यायचा सरकारचा हट्ट होता. गोविन यांनी एप्रिलमध्ये उपपंतप्रधानपद सोडले आणि ते अडून बसले. मग मतपत्रिका छापलेल्या, सुमारे ७ कोटी झ्लॉटी खर्ची पडलेले, तारीख रीतसर रद्द न केलेली आणि मतदान केंद्रे मात्र बंद, असा तो रविवार गेला. निवडणूक उन्हाळ्यात झाली. ऑक्टोबरमध्ये गोविन पुन्हा उपपंतप्रधान! एवढे अडवून परत बोलावले जाणे आपल्याकडेही क्वचितच कोणाला साधते.

ऑगस्ट २०२१ मध्ये कररचना आणि माध्यमविषयक विधेयक यांवरून त्यांची हकालपट्टी झाली. लगोलग सभागृहात विरोधकांनी कामकाज तहकूब करण्याचा प्रस्ताव २२९ विरुद्ध २२७ ने जिंकला. सभापती विटेक यांनी मतदान पुन्हा घेतले. रॉक गायक असलेले खासदार पावेल कुकिझ यांनी आपल्याकडून चूक झाल्याचे सांगितले, दुसऱ्या फेरीत निकाल फिरला आणि विधेयकही मंजूर झाले. गोविन यांचे काही खासदार तोवर सरकारकडेच राहिले होते. ना विलीनीकरण, ना नोटीस, मंत्रिपदे मात्र शाबूत.

गोविन यांनी २०२३ ची निवडणूक लढवली नाही. पक्षाची सूत्रे त्याआधीच माग्दालेना स्रोका यांच्याकडे गेली होती. त्या निवडून आल्या, 'तिसरा मार्ग' या आघाडीच्या यादीवरून.