वेबपान हाताने लिहिण्याची पूर्वतयारी

वेबपान म्हणजे मुळात साध्या अक्षरांची एक फाईल असते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९३ साली सर्नने ते तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यामुळे वेबपान लिहिण्यास महागडी प्रणाली विकत घ्यावी लागत नाही. विंडोज संगणकातील नोटपॅड पुरेसे होते. मात्र मराठी मजकूर सुरक्षित राहावा यासाठी आधी थोडी मांडणी करावी लागते. ती आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

या कामासाठी वर्ड वापरू नये. वर्ड मजकुरासोबत अक्षरांचा आकार, रंग, समास अशी माहितीही साठवतो आणि सरळ अवतरणचिन्हांची वक्र चिन्हे करतो. खुणांमध्ये अशी वक्र चिन्हे आल्यास ब्राउझर त्यांचा अर्थ योग्य लावत नाही.

प्रथम फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' विभागात जाऊन फाईलनावांची शेपटे दिसतील असे करावे. ती लपलेली राहिल्यास एचटीएमएल म्हणून जतन केलेल्या फाईलला मागे टीएक्सटी चिकटल्याचे ध्यानात येत नाही आणि ब्राउझर पान न दाखवता खुणाच दाखवतो. फाईलचे नाव रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावे. 'सेव्ह ॲज' करताना प्रकार 'ऑल फाईल्स' आणि 'एन्कोडिंग' यूटीएफ-८ निवडावे.

ही दुसरी निवड आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ स्थाने आहेत व यूटीएफ-८ मध्ये त्यातील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. २०१९ पूर्वीचे नोटपॅड 'एएनएसआय' हे एन्कोडिंग आपोआप निवडत असे. त्यात देवनागरीला स्थानच नाही; तशी जतन केलेली मराठी अक्षरे प्रश्नचिन्हे होतात आणि त्या फाईलमधून परत मिळत नाहीत. पानाच्या शिरोभागातही 'मेटा' खुणेत अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याची नोंद रोमन लिपीत करावी. ती नसल्यास ब्राउझर अंदाज बांधतो व मजकूर विस्कटू शकतो.

यानंतर 'वर्ड रॅप' सुरू करावे, म्हणजे लांब ओळी पडद्याबाहेर जात नाहीत. निर्मला यूआय हा टंक निवडल्यास जोडाक्षरे स्वच्छ दिसतात. नोटपॅडमधील हा बदल केवळ आपल्या पडद्यापुरता असतो. फाईल दोनदा क्लिक करून ब्राउझरमध्ये उघडावी. पुढे नोटपॅडमध्ये दुरुस्ती करून ती जतन करावी आणि ब्राउझरमध्ये एफ-५ दाबावे, की नवे रूप दिसते. विद्यार्थ्यांना हे सारे इंटरनेट नसतानाही करता येते.

आमच्या पिढीचे बरेच मराठी लेखन डीटीपीच्या काळातील टंकांत अडकून पडले आहे. त्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत; तो टंक नसेल तर फाईल उघडते, पण वाचता येत नाही. आपल्या माणसांच्या आठवणी, भाषणे, संस्थेची इतिवृत्ते अशा फाईलींत असतील, तर उद्याच्या अभ्यासकाला ती शोधूनही सापडणार नाहीत. म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे की आपल्याकडील असा मजकूर मूळ टंक उपलब्ध आहे तोवरच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावा आणि साध्या मजकुराच्या रूपात त्याची एक प्रत जपावी.