छायाचित्राचे गुणदोष

हौशी छायाचित्रकारांची मंडळे या देशात नवी नाहीत. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. आपली चित्रे इतरांपुढे ठेवून त्यांचे गुणदोष जाणून घेणे, हा अशा मंडळांचा मोठा लाभ होय. परंतु दोष सांगण्याची रीत चुकली, तर एका वाक्याने नवशिक्याचा कॅमेरा कायमचा कपाटात जातो.

‘चित्र साधले नाही’ हा केवळ निकाल झाला. ‘आजींच्या डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसतो, एक पाऊल बाजूला सरकला असतात, तर तो टळला असता’ हे झाले मार्गदर्शन. चित्र पुसट आहे, एवढे म्हणूनही भागत नाही. सारेच चित्र एका दिशेने फरफटलेले असेल, तर कॅमेरा हलला. त्यास तिवई हवी. भिंत रेखीव आणि धावणारे मूल तेवढे पुसट असेल, तर शटर मंद पडले. तेथे तिवईचा उपयोग नाही, सेकंदाच्या ५०० व्या भागाचे शटर हवे. निदान चुकले, तर उपायही चुकतो.

ऐकणाऱ्यानेही ‘उजेडच कमी होता’ अशी सबब लगेच पुढे करू नये. प्रदर्शनात ती सांगायला तो चित्राशेजारी उभा नसतो. एकट्याचे मत आवडीनिवडीचे असू शकेल; पण तिघांची नजर एकाच जागी अडखळली, तर तेथे काही उणे आहे हे जाणावे. दोष कागदावरच्या चित्राचा असतो, माणसाचा नव्हे, एवढे उभयतांनी स्मरले म्हणजे पुरे.