मोबाइलमधले कुलूप

दहावीच्या निकालाचा दिवस. मोबाइलवर संकेतस्थळाचा पत्ता टाकावा आणि निकालाऐवजी पडद्यावर लाल खूण उमटावी: ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’ अशा वेळी घरातले कोणीतरी हमखास सांगते, “अरे, खाली ‘तरीही पुढे जा’ असे असेल, ते दाब की!” निकाल पाहण्यापुरते यात कदाचित फारसे बिघडणार नाही. पण हाताला लागलेली ही सवय शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना किंवा बँकेचे खाते उघडतानाही सुटत नाही, आणि तेथे मात्र मोठे नुकसान होऊ शकते. तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, फोन नेमकी कशाबद्दल तक्रार करीत असतो, ते आज पाहू.

फोनमधून निघालेल्या विद्युतचुंबकीय लहरी एकाच दिशेला न जाता चहूकडे पसरतात. त्यांतला संदेश मनोऱ्याने टिपला की तो काचतंतूंमधून आणि वाटेवरच्या अनेक यंत्रांमधून पुढे जातो. म्हणजे हा सारा प्रवास पोस्टकार्डासारखा उघडा! संदेश सांकेतिक करून पाठवावा, तर तो उलगडण्याची किल्ली दुसऱ्या टोकाला कशी पोचवायची? तीही याच उघड्या वाटेने जाणार. या कोड्याचे एक सुंदर उत्तर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केले.

वर्गात हा खेळ करून पाहा. १७ आणि ३ या संख्या फळ्यावर सर्वांसमक्ष लिहा. सुनीताने मनात ४ धरले. तिने ३ चा चौथा घात काढला, ८१. त्याला १७ ने भागून उरलेली बाकी १३ तिने मोठ्याने सांगितली. अशोकने मनात ६ धरले. ३ चा सहावा घात ७२९, बाकी १५. तीही त्याने मोठ्याने सांगितली. आता सुनीता अशोकच्या १५ चा चौथा घात काढून १७ ने भागते. बाकी येते १६. अशोक सुनीताच्या १३ चा सहावा घात काढून भागतो. बाकी पुन्हा १६! दोघांना एकच गुप्त संख्या मिळाली आणि ती कोणीच उच्चारली नाही. ऐकणाऱ्याला १७, ३, १३ आणि १५ एवढेच ठाऊक. ३ च्या कितव्या घाताची बाकी १३ येते, हे त्याला एकेक घात तपासून शोधावे लागेल. १७ च्या बाबतीत हे काम पाच मिनिटांचे; पण १७ च्या जागी काळजीपूर्वक निवडलेली ६१७ अंकी मूळ संख्या घेतली, तर आजचे संगणक त्यापुढे हात टेकतात. तुमचा फोन पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असलेले पान उघडताना याच जातीचे गणित निमिषार्धात करतो. हल्ली त्यासाठी बहुधा विशिष्ट वक्रांचे गणित वापरतात, पण कल्पना तीच.

तरीही एक फट राहते. सुनीता आणि अशोक यांच्यामध्ये विनायक बसला आणि “मीच अशोक” असे म्हणून त्याने तिच्याशी गुप्त संख्या ठरवली तर? गणित बिनचूक, पण किल्ली भलत्याच्याच हाती! म्हणून पलीकडच्या संगणकाला ओळख पटवावी लागते. शाळेच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का असतो, तसे त्याच्याकडे प्रमाणपत्र असते. त्यावर संकेतस्थळाचे नाव, त्याची उघड किल्ली, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मुदत, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची गणिती सही असते. अशा शंभरांहून अधिक विश्वासार्ह सह्यांची यादी फोनमध्ये आधीपासून साठवलेली असते. यांतले काहीही जुळले नाही, की लाल खूण.

आता बिघाडांकडे वळू. सर्वांत साधा आणि सर्वांत गमतीचा बिघाड घड्याळाचा. फोनमधले क्वार्ट्झचे स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करते. ही संख्या म्हणजे २ चा पंधरावा घात, म्हणून पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद मिळतो. बॅटरी पार उतरली की हे मोजणे थांबते, आणि काही फोन जागे होतात ते थेट १ जानेवारी १९७० या तारखेला! अनेक संगणकप्रणालींची कालगणनाच त्या दिवसापासून सुरू होते. अशा फोनला आजचे प्रमाणपत्र अजून जन्मायचेच आहे. याउलट, खेळात जास्तीचे ‘प्राण’ मिळावेत म्हणून तारीख पुढे ढकलणारे वीर तुमच्या वर्गातही असतील. त्यांच्या फोनच्या मते सगळी प्रमाणपत्रे कालबाह्य. उपाय एवढाच की सेटिंग्जमध्ये तारीख व वेळ ‘स्वयंचलित’ करावी. हा बिघाड यापुढे अधिक जाणवेल, कारण एप्रिल २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे प्रमाणपत्राची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवून मार्च २०२९ पासून ती अवघी ४७ दिवस राहणार आहे.

दुसरा बिघाड म्हाताऱ्या फोनांचा. सह्यांच्या यादीलाही मुदत असते. फुकट प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेला ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राचा आधार होता, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली, आणि कितीतरी जुन्या उपकरणांवर चांगली संकेतस्थळे उघडेनाशी झाली. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांत संस्थेची नवी सही नव्हती. पण मूळ प्रमाणपत्राची तारीख ते पाहतच नसल्यामुळे खास तजवीज करून त्यांना २०२४ पर्यंत निभावून नेता आले. फोनची प्रणाली अद्ययावत करणे हा यावरचा उपाय. उत्पादकाने ती सोय बंद केली असेल, तर त्या फोनवर गाणी खुशाल ऐकावीत. पैशांचे व्यवहार मात्र दुसऱ्या फोनवर करावेत.

रेल्वे स्थानकावरच्या वाय-फायची तऱ्हा निराळी. मोबाइल क्रमांक आणि ओटीपी देईपर्यंत तेथील यंत्रणा तुमचे प्रत्येक पान अडवून स्वतःचे पान पुढे करू पाहते. अगदी विनायकासारखेच! फोन तक्रार करतो ते योग्यच आहे. आधी ‘साइन इन’ची सूचना उघडून नोंदणी पुरी करा, किंवा वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान पाहा. मग खूण गेली, तर दोष त्या वाय-फायच्या बाजूचा. तारीख बरोबर असून दोन्हीकडे खूण कायम राहिली, तर बहुधा संकेतस्थळाच्या चालकांनीच प्रमाणपत्राचे नूतनीकरण केलेले नसते. तेथे आपण थांबावे हे बरे.

आणि खूण आलीच नाही तर? प्रमाणपत्र फक्त नावाची हमी देते, सचोटीची नव्हे. लबाड माणूसही स्वतःच्या संकेतस्थळासाठी रीतसर प्रमाणपत्र मिळवू शकतो. लोक कुलपाचे चित्र पाहून निर्धास्त होतात, म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकले. आपल्या रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना ‘बँक.इन’ने संपणारी नावे घेण्यास सांगितले, तेही याच चिंतेतून. असे नाव पहिल्या तिरप्या रेघेच्या अगदी आधी, म्हणजे शेवटी यायला हवे. मध्येच कोठेतरी ‘बँक.इन’ असून उपयोग नाही. मोबाइलचा पडदा अरुंद, त्यामुळे लांब पत्ता पुरता दिसतच नाही. पट्टीवर बोट ठेवून तो सरकवत शेवटपर्यंत वाचावा.

लाल खुणेपाशी थांबण्याने काय होते, याचे उदाहरण इराणमध्ये घडले. २०११ साली नेदरलँड्समधल्या ‘डिजिनोटार’ या प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपनीच्या संगणकांत कोणीतरी घुसले आणि गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र बनवून घेतले. सही खरी होती, त्यामुळे बहुतेक यंत्रे फसली. इराणमधल्या सुमारे तीन लाख पत्त्यांवरून झालेला गूगलचा वापर या खोट्या प्रमाणपत्राच्या आड आला. पण गूगलची खरी प्रमाणपत्रे कोणत्या सह्यांची असतात, हे क्रोममध्ये वेगळे नोंदलेले होते. ऑगस्टच्या अखेरीस तेथील एका वापरणाऱ्याच्या पडद्यावर इशारा आला. तो पुढे गेला नाही. हा इशारा कशाचा, असे त्याने गूगलला जाहीरपणे विचारले. काही दिवसांतच प्रमुख ब्राउझरांनी डिजिनोटारचे नाव आपल्या यादीतून खोडले, आणि सप्टेंबर संपण्यापूर्वी त्या कंपनीचे दिवाळे निघाले.