तटबंदीतले खिंडार

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत येते. गोल होऊ न देणाऱ्याचे नाव येते ते बहुधा तो चुकतो तेव्हाच. नव्वद मिनिटांत बचावपटूने वीस वेळा चेंडू परतवला तर ते त्याचे कामच ठरते, आणि एकविसाव्या वेळी तो हुकला की मैदानभर त्याच्या नावाने हळहळ उठते. घराच्या भिंतीसारखेच हे आहे. भिंत उभी असेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. तडा गेला की येणारा-जाणारा प्रत्येक जण तेवढेच दाखवतो. आवडत्या संघाची बचावफळी वर्षानुवर्षे दुबळी होत असलेली पाहणे हा चाहत्याच्या वाट्याला येणारा एक विशेष प्रकारचा मनस्ताप आहे. आघाडीवीराने संधी दवडली तर पुढच्या संधीची आशा उरते. तटबंदीला खिंडार पडले म्हणजे मात्र चेंडू आपल्या अर्ध्या मैदानात आला की छातीत धडधडू लागते, आणि खेळ पाहण्याचा आनंद धास्तीत बुडून जातो.

हा मनस्ताप जवळून जाणणारा एक वर्ग बंगळूरच्या पूर्वेस, व्हाइटफील्डला, राहतो. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी एक वसाहत उभी राहिली. डी. एस. व्हाइट या गृहस्थांच्या नावावरून तिला व्हाइटफील्ड हे नाव मिळाले. शंभरएक वर्षे हे गाव शहरापासून दूर, शांत राहिले. १९९०नंतरच्या दशकात तेथे संगणकव्यवसायाची संकुले उभी राहिली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण माणसे येऊन राहू लागली. त्यांत पुण्या-मुंबईची, नागपूर-सांगलीची मराठी कुटुंबेही आली. कोल्हापूरकर आले ते फुटबॉलचे वेड बरोबर घेऊनच. जेथे पेठापेठांच्या तालमी आपापले संघ शाहू स्टेडियमवर उतरवतात आणि पाटाकडील व दिलबहार यांच्या सामन्याला सारे गाव लोटते, तेथून आलेल्या माणसाला नव्या शहरात आपलेपणाची पहिली खूण मैदानावरच सापडावी यात नवल नाही. परक्या गावात माणूस प्रथम भाड्याचे घर शोधतो, मग भाजीवाला, आणि मग ज्याच्या जयपराजयाने आपलाही दिवस बरावाईट जावा असे काहीतरी. बंगळूरमध्ये अनेकांना ते बंगळूर एफसी या संघात लाभले. २०२३च्या ऑक्टोबरात मेट्रोची जांभळी मार्गिका सलग झाली, तेव्हापासून व्हाइटफील्डचा प्रेक्षक गाडीत बसून थेट कब्बन पार्कला उतरतो आणि चालत कांतिरवा मैदान गाठतो. जाताना डब्यात गाणी असतात. परततानाचा डबा कसा असेल ते पुष्कळदा बचावफळीवर अवलंबून असते.

बचाव म्हणजे नुसती आडवी पडणारी माणसे नव्हेत. त्याचे एक शास्त्र आहे. चार बचावपटू एका रेषेत उभे राहतात, ते ऑफसाइडच्या नियमाचा लाभ मिळावा म्हणून. चौघांनी एकाच वेळी पुढे सरकायचे, एकाच वेळी मागे यायचे. त्यांतला एक जरी दोन पावले मागे राहिला, तरी प्रतिपक्षाच्या आघाडीवीराला त्याच्या आधाराने मोकळी वाट मिळते. मधल्या दोघांचे नाते तर जोडबैलांसारखे असते. एकाने चेंडूवर धावून जायचे, दुसऱ्याने त्याच्या पाठीमागची जागा राखायची. दोघेही धावले तर मागे रान मोकळे, आणि दोघेही थांबले तर आघाडीवीर निर्वेध. बगलेच्या बचावपटूंनी आजच्या खेळात चढाईलाही हातभार लावावा अशी अपेक्षा असते. ते पुढे गेले की त्यांची जागा कोणी भरायची, हे मधल्या फळीशी आधीच ठरलेले असावे लागते. कॉर्नरच्या वेळी प्रत्येकाने एकेक गडी धरायचा की प्रत्येकाने एकेक जागा राखायची, याचाही निर्णय सरावात व्हावा लागतो. यांतले काहीही एका आठवड्यात साधत नाही. चौघांना एकमेकांच्या पावलांची सवय व्हायला एक हंगाम लागतो, आणि ती मोडायला एक जण संघ सोडून गेला तरी पुरते.

या शास्त्राचा इतिहासही मोठा उद्बोधक आहे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत, त्याऐवजी दोन पुरे झाले. गोलांचा पाऊस पडू लागला, तेव्हा इंग्लंडमध्ये आर्सेनलचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीचा खेळाडू मागे ओढून दोन बचावपटूंच्या मध्ये उभा केला. पुढे इटलीने दाराला कडी घालावी तशी बचावाची पद्धत विकसित केली आणि तिला नावही कडीचेच दिले. १९८२च्या विश्वचषकात ब्राझीलचा देखणा संघ याच इटलीकडून ३-२ असा हरला, तो गोल करता येत नव्हते म्हणून नव्हे, तर स्वतःच्या अंगणात चेंडू जपता आला नाही म्हणून. २००६ साली इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा संपूर्ण स्पर्धेत त्यांच्यावर दोनच गोल झाले होते, त्यांतला एक स्वतःच्याच खेळाडूकडून आणि दुसरा पेनल्टीवर. त्या वर्षीचा युरोपातला सर्वोच्च वैयक्तिक मान त्यांचा कर्णधार, बचावपटू फाबियो कान्नावारो, याला मिळाला. बचावपटूला असा मान क्वचितच मिळतो.

बंगळूरच्या संघाचा जन्म २०१३चा. पहिल्याच हंगामात त्याने आय-लीग जिंकली, २०१५-१६मध्ये पुन्हा जिंकली, आणि २०१६ साली आशियाई स्तरावरील एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. त्या काळी बचावाच्या मध्यभागी इंग्लंडचा जॉन जॉन्सन होता. पुढे स्पेनचा ह्वानान त्याच्या जोडीला आला. सुनील छेत्रीचे गोल सर्वांच्या तोंडी होते, परंतु त्या गोलांना विजयाचे मोल येत होते ते मागची फळी भक्कम होती म्हणून. इंडियन सुपर लीगमधल्या पहिल्याच हंगामात, १७ मार्च २०१८ रोजी, अंतिम सामना कांतिरवावरच झाला. नवव्या मिनिटाला छेत्रीने गोल केला आणि मैदान दुमदुमले. नंतर चेन्नईच्या मैल्सन आल्व्हेस याने दोन कॉर्नरांवर डोक्याने दोन गोल केले. तो स्वतः बचावपटू, आणि दोन्ही वेळा घाव एकाच ठिकाणी! सामना ३-२ असा गेला. एकदा चूक झाली तर तिला दैव म्हणता येते. तीच चूक अर्ध्या तासात दुसऱ्यांदा झाली की प्रेक्षक दैवाला दोष देत नाही.

बरोबर एका वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, मुंबईत गोव्याविरुद्ध अंतिम सामना होता. गोलशून्य नव्वद मिनिटे संपली, जादा वेळ सरत आला, आणि ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर डोके लावून चेंडू जाळ्यात धाडला तो मुंबईच्याच राहुल भेके या बचावपटूने. ज्या कॉर्नरने आदल्या वर्षी घात केला त्यानेच या वर्षी अजिंक्यपद दिले. पुढच्या, २०१९-२०च्या, हंगामात साखळीच्या १८ सामन्यांत संघावर फक्त १३ गोल झाले. व्हाइटफील्डच्या प्रेक्षकाला त्या दिवसांत निर्धास्त झोप लागत असावी. गंमत अशी की, तेव्हाही तक्रार होतीच: संघ गोल फार कमी करतो, खेळ रुक्ष वाटतो! उपांत्य फेरीत कोलकात्याच्या एटीकेकडून संघ हरला आणि ती तक्रार खरीही ठरली.

त्यानंतर मात्र एकेक चिरा निखळू लागला. २०२०मध्ये निशू कुमार केरळच्या संघात गेला. २०२१मध्ये भेके मुंबई सिटीकडे, ह्वानान हैदराबादकडे आणि हरमनज्योत खाबरा केरळकडे गेले. दोन वर्षांच्या आत सारी तटबंदी पांगली. तिच्या जागी नवी उभारायला वेळ लागला, तो लागणारच होता. २०२२मध्ये संदेश झिंगन आला. त्या हंगामाच्या उत्तरार्धात संघाने ओळीने विजय मिळवून अंतिम सामना गाठला, आणि तेथे मोहन बागानकडून पेनल्टीच्या फैरीत तो हरला. नियमित वेळेत संघावर झालेले दोन्ही गोलही पेनल्टीवरच झाले होते. चाहत्याला वाटले, आता पाया बसला, पुढच्या वर्षी कळस चढेल. पण २०२३च्या उन्हाळ्यात झिंगन गोव्याला आणि प्रबीर दास केरळला गेला. परिणाम लवकरच दिसला. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई सिटीने आणि एप्रिल २०२४मध्ये मोहन बागानने कांतिरवावर येऊन ४-० असे पराभव केले. पहिल्या पराभवानंतर प्रशिक्षक सायमन ग्रेसन यांना जावे लागले, आणि संघ गुणतक्त्यात दहाव्या स्थानावर राहिला.

याचा दोष कोणाला द्यायचा? संतापलेला चाहता व्यवस्थापनाकडे बोट दाखवतो, आणि ते सर्वस्वी चुकीचे नाही. तरी कारणे त्याहून खोल आहेत. सुपर लीगच्या आरंभी एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत. २०१७-१८पासून पाच आणि २०२१-२२पासून चार झाले. भारतीय खेळाडूंना वाव मिळावा हा हेतू स्तुत्यच. पण चार जागा हाती आल्यावर संघचालक बहुधा गोल करणारा आणि गोल घडवणारा आधी शोधतो, कारण तो तिकिटे खपवतो. बचावाचा भार साहजिकच देशी खेळाडूंवर येतो, आणि मोठ्या सामन्याचे दडपण पेलणारे देशी मध्यबचावपटू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून एकाच झिंगनसाठी, एकाच भेकेसाठी अनेक संघ धडपडतात, आणि एकाची तटबंदी उभी राहते ती दुसऱ्याची पाडून. आडातच नाही तर पोहोऱ्यात कोठून येणार? आणखी खाली गेले तर शाळेचे मैदान लागते. तेथे प्रत्येक मुलाला छेत्री व्हायचे असते. मागे उभे राहायला सांगितले की ते शिक्षा झाल्यासारखे तोंड करते, आणि बहुतेक ठिकाणी जो धावण्यात मंद त्यालाच मागे ठेवतात. मग पंधरा वर्षांनी बचावपटू नाहीत म्हणून तक्रार करावी, यात काही अर्थ नाही.

भारतीय फुटबॉलची परंपरा मात्र वेगळे सांगते. १९६२च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या संघाचा बुरूज होता जर्नेलसिंग. आधीच्या सामन्यात त्याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. रहीम यांनी त्याला आघाडीवर खेळवले, आणि अंतिम सामन्यातल्या दोन गोलांपैकी एक त्याने केला. बचावपटू म्हणजे ज्याला दुसरे काही जमत नाही तो, हा समज खोडायला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका मराठी घराघरांत सांगितली जाते. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी ती गवळण अवघड कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला, आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधवला. या कथेतले आईचे धैर्य सर्वांच्या लक्षात राहते. परंतु तिच्यात राज्यकर्त्याचे शहाणपणही आहे. जेथून एक माय उतरू शकते तेथून उद्या शत्रू चढू शकेल, हे ओळखून खिंडार बुजवणे हे ते शहाणपण. चाहत्याची चिडचिड तरी दुसरे काय सांगते? घाव जेथे बसला तेथे बुरूज बांधा, आणि बांधलेला बुरूज दर उन्हाळ्यात विकू नका, एवढेच.

२०२४मध्ये भेके बंगळूरला परतला. चिंगलेनसाना सिंग त्याच्या जोडीस होता. २०२४-२५च्या हंगामात पहिल्या पाच सामन्यांत संघावर एकही गोल झाला नाही; मोहन बागानवर ३-० असा विजयही त्यांतलाच. बाद फेरीत मुंबई सिटीला ५-० असे नमवून आणि मग गोव्याला मागे टाकून संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. १२ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्यात आघाडी घेऊनही तो जादा वेळेत २-१ असा हरला. बरोबरीचा गोल हाताला चेंडू लागल्याने मिळालेल्या पेनल्टीवर झाला. हरला हे खरे, पण त्या रात्रीचे दुःख आणि आदल्या वर्षीचा संताप यांत फरक होता. दुबळ्या बचावाने झालेला पराभव अपमानासारखा झोंबतो. लढून, शेवटच्या घटकेपर्यंत तट राखून झालेला पराभव माणूस उराशी धरू शकतो. चाहता दर वेळी विजयच मागतो असे नाही. आपल्या प्रेमाच्या मागे कोणीतरी पहाऱ्यावर उभे आहे, एवढी खात्री त्याला हवी असते. ती मिळाली म्हणजे पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला तो पुन्हा निळा सदरा घालून व्हाइटफील्डच्या स्थानकावर उभा राहतो.