सांभाळणाऱ्यांचा 36 तासांचा दिवस

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2013 सालच्या 'अस्तु' या चित्रपटात चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे पंडित स्मृतिभ्रंशाने, म्हणजे स्मरण, भाषा आणि दिशांचे भान क्रमाक्रमाने हिरावून घेणाऱ्या मेंदूच्या विकाराने, ग्रासलेले आहेत. ही भूमिका स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या मोहन आगाशे यांनी केली असली, तरी चित्रपटाचे वजन इरा आणि राही या दोन मुलींवर येऊन पडलेल्या कामावर आहे.

इरा गाडीतून जराशी उतरते आणि तेवढ्यात शास्त्री रस्त्यावरच्या हत्तीमागे चालू लागतात. याला हयगय म्हणणे सोपे आहे. परंतु औषध, आंघोळ, जेवण यांना वेळ ठरवून देता येते, नजर ठेवण्याला ती देता येत नाही. नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांनी अशा घरांसाठी 1981 मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच 36 तासांचा दिवस आहे, आणि इराचा तो एक क्षण त्या 36 तासांतलाच आहे.

माहुताची कानडी बायको चन्नम्मा (अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला) या म्हाताऱ्याला न्हाऊ-खाऊ घालते, आणि तो तिला आई म्हणू लागला तर तेही निमूट स्वीकारते. चित्रपटाचा कल तिच्याकडे आहे, पण तो थोडा अन्यायाचा वाटतो. कारण चन्नम्माला हा माणूस पूर्वी कोण होता हे ठाऊक नाही आणि तिच्या वाट्याला फार थोडा काळ आला आहे, तर मुलींना सगळे ठाऊक आहे, शिवाय दोघींच्या आठवणीतले वडीलही एकसारखे नाहीत.

हे दुखणे शहरी, शिकल्यासवरल्यांचे असते, हा समज टिकणारा नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाने 60 वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 7.4 टक्के आणि ते खेड्यांत अधिक असल्याचे दाखवले. धाराशिव जिल्ह्यातील येडशीत घराबाहेर पडलेल्या म्हाताऱ्यापुढे एका अंगाला सोलापूर–छत्रपती संभाजीनगर महामार्गाची वाहने आणि दुसऱ्या अंगाला रामलिंग घाटाचे अभयारण्य असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा रुग्णालयातून, म्हणजे धाराशिवहून, चालतो. पण 'म्हातारचळ लागला' एवढ्यावर घरातच निकाल लागला, की तिथवर जाण्याचे कारणच उरत नाही.

अशा गावात ते 36 तास बहुधा सुनेच्या वाट्याला येतात, कारण लेकी सासरी असतात. त्या पंचमीला किंवा दिवाळीला माहेरी येतात, वडिलांनी ओळखले नाही म्हणून डोळे पुसतात, आणि भावजय नीट बघत नाही असे बोलून परतीची एसटी धरतात.